सड्यावर विमानतळ बांधायचा तर आधी पाण्याचा नकाशा

प्रश्न पेडणे तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती विचारते: "मोपा आमच्या डोळ्यांदेखत उभा राहिला, पलीकडे सिंधुदुर्गात चिपी झाला. किनाऱ्याजवळ एवढे मोकळे सडे पडून असताना एक प्रादेशिक विमानतळ बांधायला इतकी वर्षं आणि इतका पैसा का लागतो? धावपट्टी टाकायची, टर्मिनल बांधायचं. यात अवघड नेमकं काय?"

अवघड आहे ते पाणी. वरून पडणारं, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या, पोटात मुरणारं आणि खाली वाडीत झऱ्यातून बाहेर येणारं. धावपट्टी किती जाडीची आणि किती रुंदीची हे ठरवायला मानकं आहेत, तक्ते आहेत. पाण्याचं तसं नाही. प्रत्येक सड्याचं पाणी वेगळ्या वाटेनं जातं आणि ती वाट कुठल्याही पुस्तकात छापलेली नसते. माझी बरीचशी नोकरी धावपट्ट्या आणि त्यांच्या निचऱ्याच्या कामात गेली, तीही बहुतेक पश्चिम किनाऱ्यावर. तेव्हा याच अंगानं उत्तर देतो. जमीन संपादन, निविदा, कंपन्यांचे करार यांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

सडाच का, इथून सुरुवात करू. गोव्यात सपाट जमीन मुख्यतः दोन ठिकाणी मिळते: वर सड्यावर किंवा खाली खाजनात. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून आणि मानशीच्या दारांनी पाणी आत-बाहेर सोडून शेकडो वर्षांत तयार केलेली शेतजमीन. तिच्या खाली मऊ चिखल असतो, त्यावर भराव टाकला की तो वर्षानुवर्षं बसत राहतो. शिवाय भरतीचं पाणी जिथे पसरायचं ती जागाच आपण काढून घेतो आणि ते शेजारच्या गावात घुसतं. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळं संरक्षण आहे, ते योग्यच आहे. समुद्रात भराव घालूनही विमानतळ होतात. जपानमधला कान्साई १९९४ साली समुद्रातल्या कृत्रिम बेटावर सुरू झाला. ते बेट आजवर दहा मीटरांहून जास्त खचलं आहे आणि सप्टेंबर २०१८ च्या वादळात धावपट्टी पाण्याखाली गेली होती. त्यांच्याकडे पैसा आहे आणि दुसरी जागा नाही. आपल्याकडे सडे आहेत. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळीही सड्यावरच आहे, चिपीही, मोपाही. विमानाच्या दृष्टीनं सडा उत्तम, कारण आजूबाजूची गावं खाली राहतात आणि उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत डोंगर किंवा इमारत येण्याची शक्यता कमी होते.

पण उंचीची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. दाबोळी समुद्रसपाटीपासून साधारण पंचावन्न मीटरांवर आहे, मोपाचं पठार दीडशे मीटरांहून वर. आता जुलैतला एक दिवस घ्या, ढगांचा तळ समुद्रापासून दोनशे मीटरांवर उतरला आहे. दाबोळीच्या धावपट्टीवरून ढग जवळपास दीडशे मीटर उंच दिसतो. तोच ढग मोपावर पन्नास मीटरांच्याही खाली येतो. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर (रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या यंत्रणेवर) उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टीपासून साठ मीटर उंचीवर आला असताना दिवे दिसले पाहिजेत, नाहीतर त्यानं विमान परत वर न्यायचं असतं. म्हणजे एकाच ढगाखाली एक विमानतळ चालू आणि दुसरा बंद, असं होऊ शकतं. म्हणून नव्या जागेसाठी शेजारच्या विमानतळाची हवामानाची आकडेवारी उचलून चालत नाही. त्याच सड्यावर यंत्र बसवून नोंद घ्यावी लागते आणि आंतरराष्ट्रीय शिफारस किमान पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदीची आहे. आपल्याकडे वाऱ्याची दिशा मात्र फारशी कोड्यात टाकत नाही. पावसाळ्यात आणि दुपारनंतर पश्चिमेचा, हिवाळ्यात पहाटे पूर्वेचा. म्हणून या तिन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत.

आता सड्याच्या आत. वर जांभ्याची कठीण टोपी असते. तुमच्या घराचे चिरे त्यातूनच आले. ती काही मीटर जाडीची, भोकाभोकांची, तडे गेलेली, आणि पाऊस त्यातून सहज खाली झिरपतो. तिच्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारख्या मऊ मातीचा थर असतो. पाणी या मातीत चटकन शिरत नाही, म्हणून ते दोन थरांच्या सांध्यावरून सरकत उताराकडे जातं आणि सांधा जिथे उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. सड्याच्या कमरेला ओळीनं झरे, त्यांच्याखाली कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आणि वाड्या दिसतात, त्या याच कारणानं. माणसं पाणी जिथे बाहेर आलं तिथे वसली.

ही मऊ माती कशी वागते ते पेडणेकरांना सांगायला नको. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, त्याआधी सगळ्या मार्गाला अखेरपर्यंत अडवून धरलं ते पेडण्याच्या बोगद्यानं. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण माती ओली झाली की ती उभी राहीचना. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये त्या भागातल्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून गाड्या अडकल्या. विमानतळासाठी सडा सपाट करताना आपण हीच टोपी कापतो. काही ठिकाणी ती पूर्ण निघते आणि खालची माती पावसाला उघडी पडते. तिथे उतार घसरतो, भराव फुगतो.

सडा लांबून सपाट दिसतो, पण साडेतीन किलोमीटरांच्या रेषेत त्याला चढउतार आणि घळी निघतातच. उंचवटे कापून घळी भरायच्या, हे काम बाहेरून सोपं वाटतं. भराव थराथरानं घालतात, थर वीतभराचा, आणि प्रत्येक थर रोलरनं दाबून तपासल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. तपासणी अशी: दाबलेल्या थरात छोटा गोल खड्डा खणतात, त्यातली सगळी माती, अगदी चिमूटभरही न सांडता, पिशवीत घेऊन तोलतात. मग खड्ड्यात कोरडी, मोजून चाळलेली वाळू ओततात आणि ती किती मावली त्यावरून खड्ड्याचं आकारमान काढतात. वजन भागिले आकारमान, की घनता मिळाली. प्रयोगशाळेतल्या सर्वोच्च घनतेच्या ठरलेल्या टक्क्यापेक्षा ती कमी भरली, तर थर उखडून पुन्हा. जांभ्याच्या मातीत इथे एक खुबी आहे, जी कॉलेजात सहसा शिकवत नाहीत. ही माती एकदा भट्टीत पूर्ण वाळवली की तिचे गुणधर्म बदलतात, पुन्हा पाणी घातलं तरी ती आधीसारखी होत नाही. तिचे कण रोलरखाली फुटतातही. म्हणून एकच नमुना वाळवून-भिजवून परत परत वापरला, तर प्रयोगशाळेतला आकडा एक आणि सड्यावरची माती दुसरी, असा प्रकार होतो. पुढे तुम्ही साइटवर गेलात की प्रत्येक चाचणीला ताजा नमुना घ्यायचा आग्रह धरा.

वेळ कुठे जातो, याचं उत्तरही यातच आहे. हे काम भर पावसात होत नाही. ऑक्टोबर संपता संपता माती कामाजोगी होते आणि मेच्या अखेरीस हात आवरावा लागतो. जूनच्या आधी तात्पुरती गटारं, गाळ अडवणारी तळी, उघड्या उतारांवर गवत किंवा आच्छादन झालं नसेल, तर पहिल्याच मोठ्या सरीत मेहनत आणि माती दोन्ही खाली जातात. एका किनारी प्रकल्पावर मी पाहिलं आहे, ठेकेदारानं गाळाची तळी "नंतर करू" म्हणून मागे ठेवली. मृगाचा पाऊस लागला आणि खालच्या भातशेतीत लाल चिखल जाऊन बसला, रोवलेली रोपं त्याखाली गेली. भरपाई मिळाली, पण त्या गाळात पुढल्या वर्षीही भात नीट आलं नाही आणि गावाचा प्रकल्पावरचा विश्वास उडाला तो उडालाच. जी तळी करायला काही दिवस लागले असते, ती टाळल्यामुळे पुढची प्रत्येक परवानगी भांडणात अडकली.

आता पावसाचा हिशेब करू. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पण डिझाइन वर्षाच्या पावसावर होत नाही, तासाच्या पावसावर होतं. धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब आणि खांद्यांसकट साठ मीटर रुंद धरली, तर क्षेत्रफळ झालं एकवीस हेक्टर. तासात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या धावपट्टीवरून एकवीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी दहा लाख लिटर पाणी उतरेल. धावपट्टीला जोडणारे टॅक्सीवे, विमानं उभी करायचा एप्रन, टर्मिनलचं छप्पर, वाहनतळ धरले की आकडा कितीतरी वाढतो. पूर्वी यातलं बरंचसं पाणी सड्यात मुरत होतं आणि उरलेलं दहा-वीस लहान व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, चारी बाजूंना वाटलं जात होतं. आता ते मुरणार नाही, आणि आपण ते दोन-तीन मोठ्या गटारांत गोळा करून दोन-तीनच ठिकाणी सोडणार. जिथे सोडलं तिथला व्हाळ फुटतो. जिथे सोडायचं थांबलं तिथला व्हाळ आटतो. सड्याखालच्या गावांची तक्रार नेमकी या दोन टोकांची असते आणि दोन्ही खऱ्या असतात.

म्हणून मी म्हणतो, पहिला नकाशा पाण्याचा हवा. पहिला म्हणजे जागा नक्की होण्याआधी. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, सड्याभोवतालच्या प्रत्येक झऱ्याखाली बादली धरायची आणि घड्याळ लावायचं. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली, तर तो झरा मिनिटाला पंधरा लिटर आणि दिवसाला एकवीस हजार सहाशे लिटर देतो. एका कुळागराचं शिंपणं आणि पाच-सहा घरांचं पाणी त्यात होतं. हीच मोजणी निदान तीन उन्हाळे करा, झऱ्याची जागा जीपीएसवर टिपा आणि त्या पाण्यावर कोण जगतं ते लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठला झरा कुठल्या साली आटला होता. बांधकाम झाल्यावर तीच बादली त्याच जागी धरता येते आणि मग वाद आकड्यावर होतो, आवाजावर नाही.

मोपाच्या बाबतीत हेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तत्त्वतः मान्यता २००० सालची, विमानतळ बांधून चालवण्याचा कंपनीशी करार आणि पायाभरणी २०१६ ची. २९ मार्च २०१९ ला न्यायालयानं पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि १६ जानेवारी २०२० ला अधिक कडक अटी घालून, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीचं काम देऊन, स्थगिती उठवली. साडेनऊ महिने काम ठप्प. लोक म्हणतात पर्यावरणवाल्यांनी प्रकल्प अडवला. निकाल वाचला तर वेगळं दिसतं. पर्यावरण मंजुरीच्या अर्जाच्या पहिल्याच नमुन्यात आसपासची जंगलं, जलस्रोत आणि पलीकडे सिंधुदुर्गातला संवेदनशील भाग यांची माहिती नीट दिलेली नव्हती, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. राज्याची हद्द कागदावर असते, झऱ्याला आणि जंगलाला ती माहीत नसते. ते रकाने पहिल्या दिवशी खरेपणानं भरले असते, तर मोपा अधिक लवकर उडाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. जागेची निवड विमानशास्त्राच्या दृष्टीनं बरोबरच होती. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली.

काहींना वाटतं, पाणी जितकं लवकर बाहेर फेकाल तितकं चांगलं. ते अर्धंच खरं आहे. धावपट्टीखालची माती भिजता कामा नये, म्हणून मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना एकशे चाळीस मीटरांच्या पट्ट्यात पाणी मुरवायचं नाही. त्याच्या बाहेर मात्र ते मुरवलंच पाहिजे, नाहीतर झरे मरतात. मग तळी करा, असं कोणीही सुचवेल. पण उघडं तळं म्हणजे बगळ्यांना आमंत्रण, आणि पक्षी इंजिनात गेला तर काय होतं ते सांगायला नको. तोडगा असा, की पावसानंतर दोन दिवसांत कोरडी पडतील अशी उथळ तळी, दगडगोट्यांनी भरलेले मुरवणीचे चर, आणि जिथे जागा नसेल तिथे झाकलेल्या टाक्या. गवताची उंचीही राखावी लागते. पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटतात आणि घारी, गायबगळे, टिटव्या धावपट्टीवर जमतात, तेव्हा पक्षी हाकणाऱ्या पथकाला उसंत नसते. कुंपणाबाहेरची गोष्ट तितकीच महत्त्वाची: विमानतळापासून दहा किलोमीटरांत उघड्यावर घाण किंवा कत्तलीचा कचरा टाकायला कायद्यानं बंदी आहे. रस्त्याकडेला कोंबडीच्या पिसांच्या आणि मासळीच्या पिशव्या टाकणाऱ्यांना हे कोणीतरी समजावलं पाहिजे, आणि ते पंचायतच करू शकते.

सड्याच्या कडेबद्दल थोडं सांगायलाच हवं. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात, मागून वारा असताना, विमान जवळपास निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलं आणि कडेवरून खाली कोसळलं, २१ माणसं गेली. दोन्ही चौकशांत वैमानिकाचा निर्णय मुख्य कारण ठरला. तरी बांधणाऱ्यानं एवढंच म्हणून सुटू नये. धावपट्टीच्या टोकापुढे २४० मीटर सपाट, दाबलेली सुरक्षापट्टी असली पाहिजे, आणि सड्यावर नेमकी तीच जागा घळीच्या तोंडाशी येते. भराव सगळ्यात उंच तिथेच, पाणी सगळ्यात जास्त तिथेच. खर्च वाचवायचा मोहही तिथेच होतो, तो होऊ देऊ नका. पृष्ठभागावर पाणी साचू नये म्हणून मधून दोन्ही बाजूंना दीड टक्का उतार देतात, म्हणजे पंचेचाळीस मीटर रुंदीच्या धावपट्टीची कड मध्यापेक्षा चौतीस सेंटिमीटर खाली. आडव्या चरा पाडतात, सहा मिलिमीटर रुंद आणि तितक्याच खोल. टायरचं रबर त्यांत भरत राहतं, ते पावसाळ्याआधी साफ करावं लागतं.

खाऱ्या हवेचं थोडक्यात: किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला भारतीय मानकाप्रमाणे किमान एम ३० ही मजबुतीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण लागतं. ते आवरण खरोखर मिळतंय का हे ओतण्याआधी पट्टी लावून बघायचं. बाकी दिवे, पत्रे, बोल्ट यांच्या निवडीत काटकसर केली तर पाच पावसाळ्यांत दिसून येतं.

पैशाबद्दल विचारलंत, तर एक अप्रिय गोष्ट. प्रादेशिक विमानतळ बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा बांधला जातो. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरांची आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. मोपा तिथून हवाई अंतरानं पन्नास किलोमीटरांच्या आत. चिपीहून मुंबईची नियमित सेवा, छोट्या विमानतळांच्या सेवेला अनुदान देणाऱ्या उडान योजनेची तीन वर्षांची मुदत संपली तशी २०२४ मध्ये थांबली. सत्तर-पंच्याहत्तर आसनांच्या एटीआर विमानाला याहून बरीच आखूड धावपट्टी पुरते. जमीन लांब धावपट्टीपुरती राखा, पण टोपी कापा तेवढीच जेवढी पहिल्या दहा वर्षांना लागेल. न कापलेला सडा पाणी मुरवत राहतो आणि पुढे गरज पडली तर तो तिथेच असतो.

आता तुम्ही काय करू शकता. तुमच्या भागात असा प्रकल्प आला तर जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो पंचायतीत मागून घ्या. त्यात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा आहे का पाहा, गटारांची तोंडं कुठल्या व्हाळात सोडली आहेत ते बोटानं शोधा आणि त्या व्हाळाखाली कोणाची शेतं आहेत ती नावं लिहून काढा. झऱ्यांची यादी असेल तर मोजणी कुठल्या महिन्यातली ते बघा. ऑगस्टची असेल तर ती मान्य करू नका, मेची मागा. सुनावणीत बोलताना हे सगळं लेखी द्या आणि इतिवृत्तात आलं की नाही ते तपासा. तोवर वाट बघायचीही गरज नाही. अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून येत्या मेमध्ये तुमच्याच गावाच्या सड्याभोवतीचे झरे मोजायला घ्या. बादली, घड्याळ आणि वही पुरेशी आहे.